जुळणारी वस्ती

"समज, तुझं आडनाव कांबळे," सुनंदा वहिनी म्हणाल्या, आणि हॉलमध्ये खसखस पिकली.

मी हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसले होते. समोरच्या खुर्चीवर वहिनी. भोवती सोफ्यांवर बायका. मांडीवर फाइल, हातात चहा. एसी गारठा ओतत होता, तरी माझे कान तापले.

"अगं, अशी ताठ काय बसलीस? कांबळे आहेस ना तू?" मागून कुणीतरी बोललं.

परत हसू. एकीच्या तोंडातला चहा सांडला. तिनं पदर तोंडाला लावला.

"तू सौदीत, जेद्द्यात नवीन आलीस," वहिनी म्हणाल्या. "घर शोधते आहेस. मी समुपदेशक. हं, विचार मला."

मी विचारलं, "वहिनी, अझीझियात त्या अत्तरवाल्याच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट रिकामा आहे म्हणे."

वहिनींनी मान कलती केली. आवाजात साय आणली. "आहे ना. पण मी तुमच्या दृष्टीनं विचार करतेय. तिथल्या सगळ्यांचं खाणंपिणं वेगळं, वळण वेगळं. उद्या तुम्हालाच अवघडल्यासारखं व्हायचं. शिवाय मालक जरा कटकट्या आहे. त्याला शाकाहारीच कुटुंबं लागतात. मी तुम्हाला तुमच्याशी जुळणारी वस्ती सुचवते, चालेल?"

मग त्या बायकांकडे वळल्या. "बघितलंत? मी एकदा तरी 'नाही' म्हटलं का? समुपदेशक 'नाही' म्हणत नाही."

बायकांनी लिहून घेतलं.

"आता तू," वहिनी मला म्हणाल्या. "धन्यवाद म्हण आणि ऊठ. क्लायंट धन्यवाद म्हणून उठला, की समुपदेशन यशस्वी झालं असं समजायचं."

मी उठले. धन्यवाद म्हणाले.

टाळ्या पडल्या.

माझं आडनाव जाधव. गाव चिपळूणकडचं. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्यापलीकडे बौद्धवाडी, तिथली मी. हे मी लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. जाधव म्हटल्यावर त्या बायकांनी आपल्या सोयीचं जाधव ऐकलं, आणि मला सोफ्यावर जागा दिली.

नवरा विलास एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. मी डी.एड. केलेली. जेद्द्यात आल्यावर घरात बसून होते. बाईमाणसानं एकटीनं कुठं जायचं नाही, गाडी चालवायची नाही. सकाळी विलास गेला की दार बंद, ते तो येईपर्यंत. भाजी आणायची तरी त्याची वाट बघायची. अशात एका किराणा दुकानात भिंतीवर कागद दिसला, मराठीत. परदेशात आलेल्या कुटुंबांना घर मिळवून देण्यासाठी मोफत सल्ला. समुपदेशक होण्यासाठी प्रशिक्षण. मुंबईतल्या कुठल्याशा संस्थेला त्यासाठी सरकारचं अनुदान मिळालं होतं. सुनंदा वहिनी उन्हाळी सुट्टीत मुंबईला जाऊन शिकून आल्या होत्या, आणि आता त्या इथल्या बायकांना शिकवणार होत्या.

मला हरखल्यासारखं झालं होतं. खरंच. नवीन आलेल्या माणसाला घर मिळणं काय असतं ते मला माहीत होतं. आम्ही आलो तेव्हा मुलीला घेऊन एका खोलीत राहिलो होतो, नळाला खारं पाणी, खिडकीसमोर भिंत. वाटलं, चला, काहीतरी कामाचं करू.

वहिनींचे मिस्टर बँकेत मोठ्या हुद्द्यावर. कंपाउंडमध्ये व्हिला, पोहण्याचा तलाव, दारात ड्रायव्हर. वर्गाला आम्हा बायकांची ने-आण तोच करायचा. इथं मंडळ-बिंडळ उघडपणे काढता येत नाही, म्हणून वर्ग त्यांच्याच हॉलमध्ये भरायचा. चहा, फाइल, पेन, दुपारचं जेवण, सगळं अनुदानातून. सरकारी पैसा. म्हणजे त्यात माझ्या बापानं विडीच्या बंडलावर आणि काड्यापेटीवर भरलेला करही आला. त्या पैशातला चहा पिऊन त्या बायका शिकत होत्या की माझ्या बापासारख्याला दारातून परत कसं पाठवायचं. गोड बोलून. त्याच्याकडून धन्यवाद म्हणवून घेऊन.

त्या दिवशी मी घरी आले आणि बाथरूममध्ये ओकले. खाण्यातलं काही बाधलं नव्हतं. बाधला होता तो 'धन्यवाद'.

कारण तो शब्द मी पहिल्यांदा बापाच्या तोंडून ऐकला होता.

मी तेव्हा आठवीतून नववीत गेले होते. गावात शाळा पुढं नव्हती. बाप मला घेऊन तालुक्याला गेला, खोली बघायला. घराच्या मागच्या अंगणात एक खोली होती, शाळेतल्या पोरींना भाड्यानं द्यायचे. मालकीण बाहेर आली. मला बघून हसली. म्हणाली, "हुशार दिसते पोर." मग विचारलं, "कुठली वाडी तुमची?"

बापानं सांगितलं.

ती बाई काही वाईट बोलली नाही. तिनं उसासा टाकला. "अरेरे, खोली कालच दिली हो." खोलीचं दार उघडंच होतं. आत काही नव्हतं. भुईवर उन्हाचा चौकोन पडला होता. मला दिसला. बापालाही दिसला. त्यानं दोन्ही हात जोडले, कमरेत वाकला आणि म्हणाला, "धन्यवाद बाय, तसदी दिली तुम्हाला."

तसदी दिली! तिनं त्याच्या तोंडावर खोटं फेकलं आणि तो तिची माफी मागत होता. मला रडू नाही आलं. किळस आली. त्या बाईची आली, आणि बापाच्या त्या जोडलेल्या हातांचीही आली. पुढं मी रोज चालत शाळेत गेले, चालत परत आले. पावसात पुस्तकं पोटाशी धरून. त्या घरावरून जावं लागायचं. ती बाई अंगणात दिसली की हसून विचारायची, "काय गं, कसा चाललाय अभ्यास?"

गोड बोलणाऱ्या माणसांची भीती मला तेव्हापासून आहे. शिवी देणारा बरा. त्याला निदान उलटून देता येते.

विलासला मी सगळं सांगितलं. तो टीव्ही बघत होता. आवाज कमी केला.

"त्यांना माहीत नाही ना?"

"नाही."

"मग तुला कुठं बोलल्या त्या?"

"मलाच बोलल्या. मला खुर्चीत बसवून बोलल्या."

"हे बघ," तो म्हणाला, "त्यांच्या मिस्टरांच्या बँकेची कामं आमच्या कंपनीला मिळतात. आमचा साहेब त्यांच्या घरी जेवायला जातो. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर इथं आलो त्या मालकाच्या, कपाटात आहे, माझ्या खिशात नाही. नको जाऊस उद्यापासून. संपलं."

मी म्हणाले, "मी जाणार."

का जाणार, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. पण मी गेले नसते तर ती खोली परत एकदा कालच दिलेली ठरली असती.

वर्गाचा शेवट आला. प्रत्येकीनं एक खरा फोन घ्यायचा, वहिनी शेजारी बसून ऐकणार, मग प्रमाणपत्र. फोन त्यांच्या हॉलमध्येच होता. स्पीकर चालू ठेवायचा, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

त्या सकाळी मी वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ करून नेली होती. आमच्याकडचे वडे. वहिनींना फार आवडायचे. "तुझ्या हाताला चव आहे हो," म्हणायच्या. कॅसरोल स्वयंपाकघरात ठेवला आणि मी फोनजवळ बसले.

फोन वाजला. मी उचलला.

"नमस्कार मॅडम. मी कांबळे बोलतोय."

एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. वहिनींच्या ओठांचा कोपरा हलला. बघा, कसं जुळून आलं, असा.

"ताइफहून बदली होऊन आलोय मॅडम, लॅब टेक्निशियन हाय मी हॉस्पिटलात." बोलणं कोल्हापूरकडचं, जपून जपून शुद्ध करत चाललेलं. "ताइफला हवा थंड होती, बरं चाललं होतं. हितं एका गॅरेजच्या वर खोली मिळालीया. खाली गाड्या रंगवतात. दिवसभर तो वास वर येतोय. मिसेस गरोदर हाय. उलट्या थांबंनात तिच्या. डॉक्टर म्हणतात खोली बदला. अझीझियात फ्लॅट हाय म्हणून कळलं. बिल्डिंगमध्ये आपली मराठी मंडळी हायत, तिला सोबत होईल."

तिला सोबत होईल. त्या बिल्डिंगमधल्या सोबतिणी माझ्यासमोर बसल्या होत्या. आमच्या गटातल्या निम्म्या तिथंच राहायच्या. एकीनं हळूच नाकाला रुमाल लावला. वास गॅरेजचा होता, शहराच्या पलीकडच्या टोकाला.

वहिनींनी मला खूण केली. ओठ हलवून शब्द पुरवले. मालक. शाकाहारी. जुळणारी वस्ती.

मी त्यांच्याकडे बघितलं. गोरा, काळजी घेतलेला चेहरा. त्यावर राग नाही, द्वेष नाही. काही म्हणजे काही नाही. एखादं भांडं जागेवर ठेवावं तसं एका गरोदर बाईला रंगाच्या फवाऱ्यावर ठेवायचं होतं. बस, एवढंच काम. त्याचं प्रशिक्षण झालं होतं. त्याला अनुदान होतं.

"मॅडम? हायसा का?"

"आहे," मी म्हणाले. "कांबळे, नीट ऐका. फ्लॅट रिकामा आहे. इथल्याच एकीबरोबर जाऊन मी स्वतः बघितलाय. दोन खोल्या, हवा चांगली, पाणी चोवीस तास. तुम्हाला तो नाही म्हणून सांग असं मला इथं सांगितलंय. तुमच्या आडनावामुळं."

वहिनी खुर्चीत पुढं सरकल्या.

"मालकाला शाकाहारीच लागतात, असं सांगायला इथं शिकवलंय. ते खोटं आहे. अट या बायकांची आहे. त्या सगळ्या इथं बसून ऐकतायत. आणि मी जाधव. चिपळूणच्या बौद्धवाडीची. तुमच्यातलीच. माझ्या घरचा नंबर लिहून घ्या."

नंबरचा शेवटचा आकडा सांगून झाला तेवढ्यात वहिनींचा हात आला आणि फोन कट झाला. बांगड्या टेबलावर आपटल्या.

वहिनींनीच सुरुवात केली. ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नसत.

"इतके दिवस तू आमच्यात बसलीस. आमच्या ताटात जेवलीस. आणि एका शब्दानं बोलली नाहीस. ही फसवणूक नाही?"

"कुणी विचारलं?"

"असं कुणी विचारतं का? सुसंस्कृत माणसं असं विचारत नाहीत."

"मग सुसंस्कृत माणसं काय करतात वहिनी? खुर्चीत बसवून कांबळे कांबळे खेळतात?"

त्यांचे डोळे भरून आले. शप्पथ, भरून आले. त्या म्हणाल्या, "मी तुला धाकट्या बहिणीसारखं वागवलं." दोघीतिघी उठून त्यांच्याजवळ गेल्या, पाठीवर हात फिरवायला. दुखावल्या गेल्या त्या वहिनी. मी नाही. असंच असतं हे. पाय तुमचा चिरडला जातो आणि कळवळा बुटाचा येतो सगळ्यांना.

मी बाहेर पडताना घालायचा तो अंगभर काळा अबाया घातला, पर्स उचलली. दाराबाहेर येऊन उन्हात उभी राहिले. विलासला फोन केला, ये म्हणून. तो येईपर्यंत कंपाउंडच्या भिंतीच्या पट्टीभर सावलीत उभी होते. घाम पाठीवरून खाली चालला होता.

संध्याकाळी वहिनींचा ड्रायव्हर दारात. बांगलादेशी माणूस, वयस्क, दाढीला मेंदी. हातात काळी कचऱ्याची पिशवी.

"भाभी, मॅडम बोला फेंक दो. हम सोचा, आपका बर्तन है, खाना भी है."

पिशवीत माझा कॅसरोल. झाकण उघडलं. वडे तसेच्या तसे. वर एक टिश्यू पेपर पसरलेला, मेलेल्याच्या तोंडावर फडकं टाकतात तसा. सकाळी हाताला चव होती. दुपारी त्याच हाताचं विष झालं. पीठ तेच, तेल तेच. मी तेच हात उलटसुलट करून बघितले.

ड्रायव्हर अजून उभा होता. मी टिश्यू काढून फेकला, वडे ताटलीत वाढले, उसळ गरम केली. त्यानं दारातच बसून खाल्लं. "बहुत अच्छा," म्हणाला. आणखी मागून घेतलं.

विलास आतून बघत होता. ड्रायव्हर गेल्यावर म्हणाला, "झालं समाधान? आता तसबीरही हॉलमध्ये लाव. सगळ्यांना कळूच दे."

आमच्या बॅगेत तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली ती तसबीर होती, निळ्या कोटातली. आल्यापासून बाहेर काढली नव्हती. मी स्टुलावर चढले आणि हॉलमध्ये लावली. मुलगी अभ्यास सोडून बघायला आली. "मम्मा, हू इज ही?" तिनं विचारलं. इतकी मोठी झाली होती, आणि तिला ते विचारावं लागलं. मी तिला जवळ बसवून सांगितलं. मराठीत सांगितलं, सावकाश, कळेपर्यंत. विलास दुसऱ्या खोलीत जाऊन झोपला. पुढचे काही दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला.

कांबळेंचा फोन आला. आवाजात आनंद नव्हता.

"ताई, तुमी खरं सांगितलंसा, उपकार हायत. पर आता मी तिला घेऊन तिथं कसा जाऊ? बाळंतपण जवळ यायलंय. अवघड वेळंला तिनं कुणाचं दार वाजवायचं? त्या दाराआड कोण हायत ते आता आमाला ठाव झालंय. ठाव नसतं तर बरं झालं असतं."

त्याचं खरं होतं. मी खरं बोलून मोकळी झाले होते, आणि राहायला त्यांना जायचं होतं.

मागून बाईचा आवाज आला. त्याच्या हातातून फोन घेतला गेला.

"ताई, मी रेखा. ह्यांचं ऐकू नका. मी ऱ्हाणार तर तिथंच ऱ्हाणार."

"रेखा, विचार कर. तिथं कुणी बोलायचंसुद्धा नाही तुझ्याशी."

"न बोलू देत. हितं तरी कोण बोलतंय? पर हवा यील की खिडकीतनं. ती काय त्यांच्या बापाची हाय?"

शुक्रवारी दुपारी विलासनं गाडीची किल्ली उचलली. "चल. त्यांना घेऊन मालकाकडे जाऊ."

मी अबाया घ्यायला उठले.

"तुझ्यासाठी नाही करत आहे," तो म्हणाला. बूट घालत होता, मान खाली. "परवा साहेबानं केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, 'जाधव, तुम्ही कधी बोलला नाहीत.' काय बोलायचं होतं मी? अकरा-अकरा तास त्याची ड्रॉइंगं काढतो, तेव्हा काय बोलायचं असतं मी?" लेस त्यानं इतक्या जोरात ओढली की तुटली. मग तसाच निघाला.

मालक म्हणजे म्हातारा सौदी माणूस. बिल्डिंगच्या खालीच अत्तराचं दुकान. अस्रची, म्हणजे दुपार उतरतानाची, नमाज आटपून नुकताच दुकान उघडून बसला होता. विलासनं मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं. म्हाताऱ्यानं कांबळेंकडे बघितलं, मग रेखाच्या पोटाकडे, आणि एकच शब्द विचारला.

"आइला?"

म्हणजे कुटुंब आहे का. एकट्या पुरुषांना तो जागा देत नव्हता. तेवढीच त्याची अट.

"आइला," विलास म्हणाला.

म्हाताऱ्यानं लग्नाचा कागद बघितला, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना बघितला आणि किल्ली काउंटरवर ठेवली. रेखाला बसायला स्टूल दिलं. पाण्याची बाटली दिली. आमची आडनावं त्याला उच्चारताही येत नव्हती.

मी त्या म्हाताऱ्याला देव करत नाही. त्याच्या देशात कुणाला काय काय सोसावं लागतं ते मी बघितलंय. उन्हात डांबर ओतणाऱ्या माणसाला हेच मालक लोक कसे हाक मारतात तेही ऐकलंय. पण आमच्यासाठीचा हा फास त्याचा नव्हता. तो आम्ही आमच्याबरोबर आणला होता. विमानात वजन होत नाही असं सामान. समुद्र ओलांडून आलो, वाळवंटात आलो, दुसऱ्याच्या देवाच्या गावात आलो, आणि पहिलं काय केलं तर आपला गावकुसाचा दगड शोधून मांडला. वर त्यासाठी सरकारकडून पैसे घेतले.

ईदला त्या म्हाताऱ्यानं बकरे कापले आणि प्रत्येक मजल्यावर मटणाचं ताट पाठवलं. हा तो शाकाहारी मालक. बायकांनी ताटं हसून घेतली, शुक्रन म्हणाल्या, म्हणजे धन्यवाद. मालकाला काय बोलणार? रेखा सांगताना इतकी हसली की पोट धरून बसली.

बाकी हसण्यासारखं काही नव्हतं. ती राहायला गेली त्या दिवसापासून जिन्यात तिला बघून दारं लागायची. ती जिना उतरून गेली की फिनेलचा वास यायचा. खालच्या मजल्यावरची लहान मुलगी तिच्याशी बोलायला थांबायची, तिला आई हाताला धरून ओढायची. लिफ्टमध्ये ती शिरली की आतल्या बायका बाहेर पडायच्या आणि पोटुशी रेखा एकटी वर जायची. "बरंय की," ती म्हणायची. "राणीवानी जातेय." पण एकदा मी गेले तेव्हा ती खिडकीला तोंड लावून बसली होती, आणि तिचे डोळे सुजलेले होते. मी चहा टाकला.

कळा लागल्या तेव्हा दुपार होती. कांबळे हॉस्पिटलात. रेखानं त्या बिल्डिंगमधलं एकही दार वाजवलं नाही. मला फोन केला, आणि मी विलासला. लिफ्ट नेमकी बंद होती. तिला धरून जिना उतरवताना एका दारात एक बाई उभी होती. आमच्या वर्गातलीच. तिच्या तोंडावर दया होती. हात उंबऱ्याच्या आत होते.

मुलगी झाली.

त्यानंतर काही महिन्यांनी सुनंदा वहिनींचा फोन आला. मी आवाज ओळखला. तीच साय.

"अगं, कशी आहेस? झालं गेलं विसरून जाऊया म्हटलं. मी काही मनात ठेवत नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक छोटंसं काम होतं. मुंबईहून संस्थेचे लोक येताहेत. पुढच्या वर्षीच्या अनुदानाचं बघायचंय. त्यांना यावेळी समाजाच्या सगळ्या घटकांचा सहभाग दाखवायचा आहे. सरकारनंच घातलीय तशी अट. तर तुझं प्रमाणपत्र तयार आहे. पहिल्या रांगेत बस, फोटो होईल. आणि त्या कांबळे बाईंनाही घेऊन ये ना. बाळालाही आण. लाभार्थी म्हणून छान दिसेल."

लाभार्थी. त्या घरात पाऊल टाकल्यापासून रेखाला यांच्याकडून मिळालेला लाभ म्हणजे फिनेलचा वास. आता तिच्या बाळाला मांडीवर घेऊन फोटो काढायचा, आणि तो फोटो दाखवून पुढच्या वर्षी आणखी कांबळेंना परत पाठवण्यासाठी पैसे आणायचे. मला वाटत होतं, यांनी मला आणखी शिसारी आणावी असं काही आता यांच्याकडे शिल्लक नसेल. होतं.

"वहिनी," मी म्हणाले, "माझी जात तुम्हाला फोटोत हवी आहे आणि जिन्यात नको."

"तू ना, फार कडवट झालीस. अशानं तुमच्या लोकांचंच नुकसान होतं."

"मी येणार नाही. रेखा येणार नाही. आणि तुमची ती मुंबईची माणसं कुठल्या हॉटेलात उतरणार ते विलासच्या साहेबाला माहीत आहे, म्हणजे मलाही कळेल. मी त्यांना भेटणार आहे."

त्यांनी फोन ठेवला. या वेळी धन्यवाद कुणीच म्हटलं नाही.

मी भेटले. विलास बरोबर आला. हॉटेलच्या लॉबीत दोन माणसं होती, त्यांनी ऐकून घेतलं, कॉफी मागवली, "गंभीर बाब आहे" म्हणाले. आणि मुंबईला गेले. अनुदान पुढच्या वर्षीही मिळालं. फोटोही निघाला. मी पाहिला. पहिल्या रांगेत वहिनींकडे पोळ्या लाटायला येणारी बाई बसवली होती, उसन्या साडीत, हातात प्रमाणपत्र. तिला कोणी सांगितलं असेल की नाही की ती कुणाच्या जागी बसलीय, मला माहीत नाही. विलासची बढती त्या वर्षी झाली नाही. पुढच्याही वर्षी झाली नाही. तो त्याबद्दल बोलत नाही, आणि मीही त्याची समजूत काढत नाही.

मी किराणा दुकानातल्या त्याच भिंतीवर माझा कागद लावला. कुणीतरी फाडला. परत लावला. परत फाडला. दुकानदार मल्याळी माणूस, त्यानं तो काचेच्या आतून चिकटवला.

आता फोन माझ्या घरी येतात. ताइफहून येतात, यानबूहून येतात, पार हफ्र अल बातिनहून येतात. मी विचारते, माणसं किती, मुलं किती, शाळा कुठं हवी, म्हातारं कुणी आहे का, जिना चढवेल का. आडनाव विचारत नाही. कुणी सांगितलंच तर ऐकते आणि पुढं जाते.

पण फोन उचलल्यावर पहिलं मी माझं सांगते. पूर्ण नाव, गाव, आणि वाडी. आधी सांगते. काही जण तिथंच थांबतात, घसा खाकरतात, 'मग करतो फोन' म्हणतात आणि फोन ठेवतात. ठेवू देत. ज्याला माझ्या तोंडून घराचा पत्ता हवा, त्यानं आधी माझा पत्ता ऐकायचा. यात मी आता तसूभर बदल करणार नाही.